ध्रुवप्रदेशातील वर्षभराची शिदोरी

अंटार्क्टिका खंडात मूळचे रहिवासी नाहीत, शेते नाहीत आणि बाजारपेठही नाही. तेथील संशोधन केंद्रांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना, अभियंत्यांना, डॉक्टरांना व आचाऱ्यांना लागणारा प्रत्येक दाणा आणि मिठाची प्रत्येक चिमूट हजारो किलोमीटर अंतरावरून न्यावी लागते. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, म्हणजे साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात, समुद्रावरील बर्फ काही प्रमाणात वितळतो व जहाजांना किनाऱ्याजवळ जाता येते. जहाज एकदा परतले, की पुढील उन्हाळ्यापर्यंत मालवाहतूक थांबते. एखादी वस्तू मागे राहिली, कमी पडली अथवा खराब झाली, तर ती मागविण्याची सोय उरत नाही.

या कारणाने ध्रुवप्रदेशातील मोहिमेत शिध्याची बांधणी हे साधे कोठीचे काम राहत नाही. कोणते अन्न न्यावयाचे यास जितके महत्त्व आहे, तितकेच ते कसे मोजले, कशात भरले, कोठे ठेवले आणि कसे नोंदले यासही आहे. या कामात झालेल्या लहान चुकांची किंमत माणसांनी प्राण देऊन मोजल्याची उदाहरणे इतिहासात आहेत.

भारताची केंद्रे

डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ सदस्यांची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली व जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र उभे राहिले आणि १९८४ मध्ये १२ भारतीयांच्या तुकडीने तेथे संपूर्ण हिवाळा काढला. हिमपटावर उभारलेले ते केंद्र कालांतराने बर्फाखाली गाडले जाऊ लागल्याने १९९० मध्ये त्याचा नियमित वापर बंद करण्यात आला. तत्पूर्वीच, १९८९ मध्ये, शिर्माखर या खडकाळ प्रदेशात ‘मैत्री’ केंद्र सुरू झाले होते. लार्समन टेकड्यांच्या परिसरातील ‘भारती’ केंद्र २०१२ पासून कार्यरत आहे. गोव्यातील वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमांची आखणी करते.

हिवाळ्यात प्रत्येक केंद्रावर सुमारे २५ माणसे मुक्कामास असतात. ‘भारती’ किनाऱ्यालगत आहे. ‘मैत्री’ मात्र हिमपटाच्या कडेपासून सुमारे १०० किलोमीटर आत असल्याने जहाजातून उतरविलेला माल साखळीपट्ट्यांच्या वाहनांना जोडलेल्या घसरगाड्यांवरून बर्फातून ओढत न्यावा लागतो. काही माल हेलिकॉप्टरने जातो. म्हणजे शिध्याच्या एका पेटीला गोदाम, बंदर, जहाज, हिमपट, घसरगाडी आणि केंद्रातील कोठार असा प्रवास करावयाचा असतो. या वाटेवर ती अनेकदा उचलली व ठेवली जाते. जहाजाला विषुववृत्तीय प्रदेशातील उष्ण व दमट हवेतून जावे लागते आणि नंतर तीच पेटी गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली उतरलेल्या तापमानात उघड्यावर ठेवली जाते. वेष्टनाला ही दोन्ही टोके सोसावी लागतात.

हिशेबातील ५० ग्रॅम

साठ्याचे नियोजन माणूस-दिवस या एककावर केले जाते. उदाहरणादाखल, २५ माणसांच्या तुकडीला दर माणशी दररोज ४०० ग्रॅम धान्य लागेल असे धरू. दिवसाला १० किलो, या हिशेबाने वर्षाला ३,६५० किलो धान्य न्यावे लागेल. प्रत्यक्षात थंडीमुळे व शारीरिक श्रमांमुळे भूक वाढली आणि खप ४५० ग्रॅम झाला, तर रोज सव्वा किलो अधिक धान्य खर्ची पडेल. हा फरक एका ताटात डोळ्यांना दिसणारही नाही. परंतु त्यामुळे वर्षाचा साठा ३२४ दिवसांत संपेल. उरलेले सुमारे ४० दिवस काढावयाचे कशावर, हा प्रश्न तेव्हा उभा राहील आणि त्या वेळी जहाज हजारो किलोमीटर दूर असेल.

यास्तव प्रत्येक जिन्नसाचे दरडोई प्रमाण मागील तुकड्यांच्या प्रत्यक्ष खपावरून ठरविणे इष्ट असते. त्यावर गळती, फुटतूट व नासाडी यांसाठी वाढ धरावी लागते आणि जहाज उशिरा आले किंवा पोहोचूच शकले नाही, तर काय करावयाचे, याचा विचार करून स्वतंत्र राखीव साठा ठेवावा लागतो. तांदूळ, गहू व डाळी यांचा हिशेब सहसा चुकत नाही. चुकतो तो मीठ, हळद, तिखट, मोहरी, चहापूड, खमीर, काड्यापेटी अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचा. माणशी १० ग्रॅम मीठ धरले, तरी २५ माणसांना वर्षाला ९० किलोंहून अधिक मीठ लागते.

दोन मोहिमा, दोन बांधण्या

अन्नाची बांधणी किती निर्णायक ठरते, हे १९११-१२ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या दोन मोहिमांच्या तुलनेवरून ध्यानात येते. नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचले व सर्व साथीदारांसह सुखरूप परतले. ब्रिटनचे रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचले. परतीच्या वाटेवर ते व त्यांचे चारही साथीदार मृत्युमुखी पडले. यश-अपयशाची कारणे अनेक होती. कुत्र्यांच्या गाड्यांचा वापर, हवामान व मार्गाची आखणी यांचा त्यात मोठा वाटा होता. शिध्याच्या बांधणीतील फरकही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

आमुंडसेन यांनी गाड्यांवर मोजकेच चार जिन्नस ठेवले: पेमिकन, बिस्किटे, चॉकलेट व दुधाची भुकटी. वाळविलेले मांस कुटून त्यात चरबी मिसळून केलेल्या घट्ट वड्यांना पेमिकन म्हणतात. प्रत्येक वडी अर्ध्या किलोची असे, त्यामुळे वाटणी करताना तराजूची गरज पडत नसे. बिस्किटेही नग मोजून भरलेली होती. गोल वड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत दुधाच्या भुकटीच्या लांबट पिशव्या बसविल्या होत्या. पेटीच्या वरच्या बाजूस लहान गोल झाकण होते. त्यामुळे गाडीवरील दोर न सोडता रोजचा शिधा काढता येई. कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढून गोठलेल्या गाठी सोडण्याचे कष्ट त्यामुळे वाचले.

स्कॉट यांच्या पठारावरील शिध्यात माणशी रोज सुमारे ४५० ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन आणि थोडे लोणी, साखर, कोको व चहा यांचा समावेश होता. त्यातून सुमारे ४,५०० कॅलरी मिळत. स्वतः गाड्या ओढणाऱ्या माणसांना त्या उंचीवर व त्या थंडीत ६,००० किंवा त्याहून अधिक कॅलरी लागतात, असे पुढील काळातील अभ्यासाने दाखविले. शिवाय हा सारा शिधा चार माणसांच्या तुकडीच्या मापाने बांधलेला होता. अखेरच्या टप्प्यावर स्कॉट यांनी चारऐवजी पाच जणांना पुढे नेण्याचे ठरविले. त्यामुळे पाच जणांच्या स्वयंपाकाला अधिक वेळ व इंधन लागू लागले. तर माघारी फिरलेल्या तिघांना वाटेवरील प्रत्येक साठ्यातून चौघांच्या मापातील आपला तीन-चतुर्थांश वाटा वेगळा काढून घ्यावा लागला. माणसांची संख्या बदलली, पण पुड्यांचे माप बदलणे शक्य नव्हते.

इंधनाच्या डब्यांनीही दगा दिला. डब्यांच्या तोंडाशी बसविलेल्या चामड्याच्या चकत्या थंडीत नीट बसेनात व रॉकेल उडून गेले. वाटेतील साठ्यांपाशी पोहोचल्यावर डबे अर्धेमुर्धे रिकामे आढळले. इंधन नसेल, तर ध्रुवप्रदेशात पाणीही मिळत नाही. कारण प्यावयाचे पाणी बर्फ वितळवूनच करावे लागते. आमुंडसेन यांनी आपल्या डब्यांना डाग देऊन ते पक्के बंद केले होते. स्कॉट यांचा अखेरचा तंबू ‘वन टन’ नावाच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या १८ किलोमीटरवर होता. हा साठा ८० अंश अक्षांशावर ठेवावयाचा मूळ बेत होता. प्रत्यक्षात तो त्याच्या उत्तरेस, ७९ अंश २९ मिनिटांवर ठेवण्यात आला होता. अन्न मोजून ठेवले होते. पण माणसे पोहोचू शकतील अशा जागी ते नव्हते.

जीवनसत्त्वांचा प्रश्न

पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नाही, हा धडाही ध्रुवीय प्रवाशांना कठोर रीतीने शिकावा लागला. महिनोन्महिने खारवलेले मांस व बिस्किटे खाणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही हा रोग होई. हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि अखेर मृत्यू ओढवे. ‘बेल्जिका’ जहाजावरील माणसे १८९८ च्या हिवाळ्यात या रोगाने जर्जर झाली, तेव्हा डॉ. फ्रेडरिक कुक यांनी त्यांना सील व पेंग्विन यांचे ताजे मांस खाण्यास लावले व त्यांची प्रकृती सुधारली. स्कर्व्ही टाळणारे द्रव्य म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व हे मात्र १९३२ मध्ये सिद्ध झाले.

आज अंटार्क्टिकातील प्राण्यांना आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण दिलेले आहे. त्यामुळे ‘क’ जीवनसत्त्वाची तरतूद गोठविलेल्या भाज्या, फळांचे रस व गोळ्या यांच्या रूपाने आधीच करावी लागते. दीर्घ साठवणीत हे जीवनसत्त्व हळूहळू नष्ट होते, हेही ध्यानात ठेवावे लागते. काही केंद्रांवर बंदिस्त हरितगृहात मातीविना भाजीपाला पिकविण्याचे प्रयोग झाले आहेत. जर्मनीच्या नॉयमायर केंद्राजवळ २०१८ मध्ये अवघ्या १२.५ चौरस मीटर लागवडीतून सुमारे २७० किलो ताजी भाजी मिळाली. मातीविना लागवड करण्यामागे सोयीखेरीज आणखीही एक कारण आहे: निर्जंतुक न केलेली माती अंटार्क्टिकात नेण्यास मनाई आहे.

थंडी हे कोठार नव्हे

सर्वत्र बर्फ असताना अन्न टिकविण्याची चिंता कसली, असा प्रश्न सहज मनात येतो. प्रत्यक्षात थंडी काही पदार्थ टिकविते व काही बिघडविते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. त्यामुळे लोणच्याच्या काचेच्या बरण्या तडकतात, पाणीदार पदार्थांचे डबे फुगून त्यांच्या शिवणी उकलतात आणि अंड्यांची कवचे फुटतात. गोठलेला बटाटा वितळल्यावर लिबलिबीत होतो; नुसत्या अतिथंड जागी ठेवला, तरी त्यातील पिष्टाची साखर बनून तो गोडसर लागतो. याउलट ‘मैत्री’च्या खडकाळ परिसरात उन्हाळ्यात तापमान काही वेळा शून्याच्या वर जाते. म्हणून गोठविलेल्या मांस-मासळीसाठी व भाज्यांसाठी शीतपेट्यांची गरज तेथेही भासते.

यासाठी माल तीन वर्गांत विभागला जातो. पहिला वर्ग उणे १८ अंश सेल्सिअस वा त्याहून कमी तापमानात ठेवावयाच्या पदार्थांचा. दुसरा, गोठू न देता थंड ठेवावयाच्या बटाटे, कांदे, अंडी, फळे यांचा. तिसरा, धान्य, डाळी, पीठ, साखर, मसाले व दूधभुकटी अशा कोरड्या मालाचा. पेटीवर ठळक रंगाचा पट्टा ओढला, तर ती कोणत्या वर्गाची हे बर्फाच्या वादळात, मोठे हातमोजे घातलेल्या माणसालाही एका दृष्टीत कळते. ‘गोठू देऊ नये’ अशा मालाची पेटी चुकून तासभर बाहेर राहिली, तरी तिच्यातील वर्षभराचा जिन्नस वाया जाऊ शकतो.

कोरड्या मालाचा शत्रू ओलावा. बाहेरची अतिथंड पेटी उबदार खोलीत आणून लगेच उघडली, तर हवेतील बाष्प आतील मालावर जमते. पीठ व दूधभुकटी यांचे गोळे होतात. पेटी खोलीच्या तापमानाला आल्यानंतरच उघडावी, हा कोठारातील नियम त्यामुळे काटेकोरपणे पाळावा लागतो. काही प्रकारचे प्लॅस्टिक तीव्र थंडीत काचेसारखे ठिसूळ होते. अशा पिशव्या घडीवर फाटतात. म्हणून कमी घनतेच्या पॉलिथिनसारखे थंडीतही लवचिक राहणारे वेष्टन पसंत केले जाते.

नवी तंत्रे

वजन व जागा वाचविणाऱ्या दोन तंत्रांनी या कामात मोठी मदत केली आहे. पहिले गोठवून वाळविण्याचे. पदार्थ गोठवून निर्वात जागी ठेवला, की त्यातील बर्फाची थेट वाफ होते. पदार्थाचा आकार व चव बऱ्याच अंशी टिकते आणि वजन कमालीचे घटते. गरम पाणी घातल्यावर तो खाण्याजोगा होतो. दुसरे तंत्र लवचिक हवाबंद पाकिटांचे. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमची पातळ पत्री व पॉलिप्रॉपिलीन यांच्या थरांच्या पाकिटात शिजविलेले अन्न भरून ते सुमारे १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात. असे अन्न शीतपेटीशिवाय महिनोन्महिने टिकते आणि डब्याच्या मानाने पाकीट हलके असते. म्हैसूर येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने लष्करासाठी असे भारतीय पदार्थ विकसित केले व अंटार्क्टिका मोहिमांनाही ते पुरविले.

अन्नाची निवड स्थळानुरूप बदलते. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकन केंद्र २,८३५ मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी सुमारे ९० अंशांवरच उकळते. डाळ उघड्या भांड्यात नीट शिजत नाही. ‘मैत्री’ व ‘भारती’ या केंद्रांची उंची कमी असल्याने ही अडचण तेथे जाणवत नाही.

पेटीची रचना व नोंद

जी पेटी एका माणसाला उचलता येत नाही, ती बर्फावर अपघाताचे कारण ठरते. म्हणून पेट्यांचे वजन मर्यादित ठेवले जाते. प्रथम लागणारा माल जहाजात शेवटी चढवावा लागतो, तरच तो प्रथम हाती येतो. एका जिन्नसाच्या सर्व पेट्या एकत्र ठेवल्या आणि तीच घसरगाडी हिमभेगेत गेली, तर तो जिन्नस वर्षभरासाठी नाहीसा होतो. म्हणून साखर, तेल, मीठ असे आवश्यक जिन्नस वेगवेगळ्या गाड्यांवर विभागून देणे शहाणपणाचे ठरते. केंद्राबाहेर संशोधनासाठी जाणाऱ्या लहान तुकड्यांना स्वयंपूर्ण पेटी देतात. ब्रिटिश तुकड्यांच्या अशा पेटीत दोन माणसांना दहा दिवस पुरेल इतका शिधा असतो. पेट्या मोजल्या, की दिवस मोजले जातात.

प्रत्येक पेटीवर क्रमांक, आतील जिन्नस, वजन व मुदतीची तारीख पेटीच्या एकाहून अधिक बाजूंस लिहिलेली असावी लागते. कारण बर्फात अर्धी गाडलेली पेटी कोणत्या बाजूने दिसेल हे सांगता येत नाही. जुना माल आधी वापरावयाचा व नवा मागे ठेवावयाचा, ही शिस्तही तितकीच आवश्यक आहे.

ध्रुवीय केंद्रांना सर्वांत मोठे भय आगीचे असते. हवा अतिशय कोरडी, वारा जोराचा आणि विझविण्यास वाहते पाणी दुर्मीळ. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्राझीलच्या कोमान्दान्ते फेराझ केंद्राचा मोठा भाग आगीत नष्ट झाला व दोन जण दगावले. सर्व अन्न एकाच छताखाली असेल, तर आगीतून वाचलेली माणसे उपासमारीने मरतील. यास्तव आणीबाणीचा शिधा, इंधन, शेगडी व उबदार कपडे मुख्य इमारतीपासून दूर, स्वतंत्र निवाऱ्यात ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते.

जे नेले ते परत आणावयाचे

पर्यावरण संरक्षणाचा माद्रिद करार १९९१ मध्ये झाला व १९९८ पासून अंमलात आला. भारताने २०२२ मध्ये अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदाही केला. माद्रिद कराराचा परिणाम थेट शिध्याच्या पेटीपर्यंत पोहोचतो. पॉलिस्टायरिनचे मणी व तत्सम भराव-साहित्य नेता येत नाही. जिवंत कोंबड्या वा अन्य पक्षी नेण्यास बंदी आहे. सोललेली कोंबडी पाठवावयाची असेल, तर पॅकिंगपूर्वी रोगांसाठी तपासावी लागते, कारण एखाद्या संसर्गाने पेंग्विनांच्या वसाहतींना धोका पोहोचू शकतो. रिकामे डबे, बाटल्या व बहुतेक प्लॅस्टिक गोळा करून परत आणावे लागते. साहजिकच अनावश्यक पुठ्ठे व दुहेरी वेष्टने निघण्यापूर्वीच काढून टाकणे हितकारक ठरते. एक किलो वेष्टन म्हणजे जाताना एक किलो अन्न कमी आणि येताना एक किलो कचरा अधिक.

मनाची भूक

‘मैत्री’ केंद्रावर हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. त्याच त्या चेहऱ्यांच्या सोबतीत, बंद खोल्यांत दिवस काढताना जेवणाची वेळ हाच दिवसाचा आधार बनतो. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या माणसांच्या सवयी वेगळ्या असतात. कोणाला भाकरी हवी, कोणाला भात, कोणाला मासळी. पापड, लोणची, मसाले, गूळ, डाळीचे पीठ व सुकामेवा यांचे वजन फार नसते. पण रोजच्या ताटातील कंटाळा ते दूर करतात. दिवाळीच्या फराळाचे साहित्य आणि २१ जूनच्या सुमारास सर्व केंद्रांवर साजऱ्या होणाऱ्या मध्यहिवाळी मेजवानीचे जिन्नस वेगळ्या पेटीत, तारीख लिहून ठेवावेत. म्हणजे ते आधीच संपून जात नाहीत. अशा पेटीला चैन समजणे चुकीचे ठरेल. माणसांचे मनोधैर्य हाही साठ्याचाच भाग आहे.

ध्रुवप्रदेशातील हा अनुभव आपल्याला अगदीच परका नाही. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या राज्यातील दुर्गम गावांना पावसाळ्यापूर्वीच धान्य पोहोचते करावे लागते. माणसांची नेमकी संख्या, दररोजचा खरा खप, ओल न लागणारे कोठार, साठ्याची विभागणी आणि वाचता येईल अशी नोंद हे प्रश्न तेथेही तेच असतात. अंतर व तापमान बदलते. परंतु वाट बंद होण्यापूर्वी जे मोजून, बांधून व योग्य जागी ठेवले गेले, त्यावरच वाट बंद झाल्यानंतर माणसांना जगावे लागते.